भपका आणि पाया

जून महिना जवळ आला की मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा सुरू होते : कोणती शाळा, कोणते माध्यम, कोणती शिकवणी? संगणक कक्ष, चकचकीत इमारत आणि भरगच्च शुल्क यांवरून शाळेची प्रतवारी ठरते. पालकांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ही कळकळ ज्या समजुतींवर उभी आहे, त्या तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला समज साधनांचा. पेरू देशात ग्रामीण मुलांच्या हाती लॅपटॉप देण्याची मोठी योजना राबविण्यात आली. ३१९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. गणित आणि भाषा या विषयांतील प्रगतीत फरक आढळला नाही. यंत्र आले, पण अध्यापन बदलले नाही. मग दुसरे काय होणार?

दुसरा समज माध्यमाचा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जातो आणि ते योग्यच आहे. मात्र इंग्रजी शिकणे वेगळे आणि न समजणाऱ्या इंग्रजीतून गणित, विज्ञान शिकणे वेगळे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला, तो याच कारणाने.

तिसरा समज घरोघरी आढळतो : धडा पुनःपुन्हा वाचला की पाठ होतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याची परीक्षा घेतली. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. घोकण्यापेक्षा आठवून सांगणे फलदायी ठरते. संध्याकाळी पाढे म्हणून घेणाऱ्या आणि मध्येच ‘सात नवे किती?’ असे विचारणाऱ्या आजीला हे कोणी शिकविले नव्हते.

चौथा समज सर्वांत घातक आहे. इयत्ता वाढली म्हणजे ज्ञान वाढले, असे मानले जाते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. वर्ग पुढे सरकतो, मूल मागेच राहते. यावरचा उपाय खर्चिक नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच ‘बालसखी’ रोज दोन तास वेगळे घेऊन मूलभूत वाचन-गणित शिकवीत. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र मदत थांबल्यावर वर्षभरात त्या लाभाचा मोठा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. उत्साहाइतकेच सातत्यही आवश्यक आहे, हा त्याचा बोध.

वस्त्यावस्त्यांत अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो विशेष लक्षात घ्यावा. मूल कोणत्या इयत्तेत आहे, हे विचारण्याआधी त्याला काय वाचता येते, हे पाहावे. पालकांनीही शाळेची इमारत पाहून झाल्यावर क्षणभर थांबून मुलाच्या हाती एक साधे पुस्तक द्यावे आणि ते वाचताना ऐकावे. शाळेची खरी परीक्षा तेथेच होते.