टिकणारी शाई

खात्यात नव्याने रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्याने मध्यंतरी मला विचारले, "सर, रोजचे लेखन आणि थोडीफार रेखाटने, दोन्ही एकाच पेनने करायची असतील तर कोणते पेन घ्यावे?" प्रश्न साधा होता आणि त्याला दोन-चार नावे सांगून मोकळे होता आले असते. परंतु या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार महाग किंमत देऊन शिकलो आहे. ती किंमत पेनची नव्हती. म्हणून हे टिपण.

काही वर्षांपूर्वी मी बंगळुरास नेमणुकीवर होतो. शहराच्या वायव्येस तुमकूर रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 1970च्या दशकात आकाराला आलेली ही वसाहत आज देशातील लघुउद्योगांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. टप्पे, मुख्य रस्ते आणि 'क्रॉस' यांच्या आकड्यांनीच येथे पत्ता सांगायचा. एका गल्लीत लेथ, दुसरीत साचे घडविणारे टूलरूम, तिसरीत कपडे शिवण्याचे कारखाने आणि मध्येच कुठेतरी धातूवर मुलामा चढविणारी छोटी युनिटे. पीण्याच्या भूजलात षट्संयुजी क्रोमियम आढळल्याचे अनेक पाहण्यांतून नोंदले गेले आहे. हे विष मुलाम्याच्या हौदांतून जमिनीत उतरते, तेव्हा कूपनलिकेचे पाणी पिवळसर दिसू लागते.

अशाच एका गल्लीत आम्ही संयुक्त पाहणीस गेलो होतो. शेजारच्या चाळवजा खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची तक्रार होती. मुलाम्याच्या हौदामागून एक नळी भिंतीखालून निघून पावसाळी गटाराकडे जात असल्याचे आम्हांस दिसले. तिच्या अर्ध्या भागावर फरशा होत्या, त्यामुळे छायाचित्रात एकीकडे भिंत आणि दुसरीकडे गटार एवढेच येत होते. दोहोंमधला संबंध छायाचित्रात दिसेना. मी वहीत कच्चा नकाशा काढला. हौद, भिंत, नळीची दिशा, पावलांनी मोजलेली अंतरे, कूपनलिकेची जागा, उत्तर दिशेचा बाण, सारे काही त्यात होते. त्याखाली उपस्थितांच्या सह्या घेतल्या. बाहेर पडताना बंगळुरातील दुपारचा पाऊस कोसळला आणि वही भिजली.

माझ्या पेनात शाळकरी मुलांसाठी बनविलेली, कपड्यांवरून सहज धुऊन निघणारी निळी शाई होती. तिने आपला गुणधर्म इमानाने पाळला. घरी येऊन वही उघडली तेव्हा पानावर निळसर ढग उरला होता. पुढे सुनावणीच्या वेळी नळी कोणत्या दिशेने जात होती हे सिद्ध करणारा कागद आमच्यापाशी नव्हता. फेरपाहणीचा आदेश झाला. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ती जागा काँक्रीटने बुजविलेली होती. कामगारांची तक्रार 'पुराव्याअभावी' निकाली निघाली. पावसाला दोष देता आला असता, पण ती शाई मी निवडली होती.

या प्रसंगानंतर मी शाईविषयी जे वाचले आणि करून पाहिले, ते येथे थोडक्यात मांडतो. पेन निवडताना आपण निब पाहतो, रंग पाहतो, कंपनीचे नाव पाहतो आणि शेवटी हाताशी येईल ती शाई भरतो. हा क्रम नेमका उलटा हवा. आधी शाई ठरवावी, मग कागद आणि त्यानंतर त्या दोघांना मानवणारे पेन.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. काजळी आणि डिंक यांपासून केलेली काळी शाई आणि तिरपा कापलेला बोरू, एवढ्या साहित्यावर मराठ्यांचा कारभार चालला. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर असो वा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद असोत, शतके लोटली तरी ती अक्षरे वाचता येतात. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. तो उन्हाने उडत नाही. ज्या कारकुनांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांनी लिहिलेला हिशेब आजही साक्ष देतो. माझा नकाशा मात्र एका सरीत गेला.

आज बाजारात मिळणाऱ्या शाया ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिली रंजकद्रव्याची. ती पाण्यात विरघळणारी, पेनला निर्धोक आणि रंगांनी श्रीमंत असते, पण तिच्यातील बहुतेक शाया पाण्याने फुटतात आणि काही उन्हाने फिक्या पडतात. दुसरी लोहयुक्त, म्हणजे मायफळातील टॅनिन आणि लोहाचा क्षार यांची. लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की काळवंडत कागदात रुतते. युरोपातील दस्तऐवज शतकानुशतके हिच्याने लिहिले गेले. ही शाई आम्लधर्मी असल्याने पेनात वाळू देऊ नये. तिसरी रंगकणांची, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेली. जपानच्या प्लॅटिनम आणि सेलर या कंपन्यांच्या अशा काळ्या शाया खास झरणीसाठी बनविलेल्या आहेत. वाळल्यानंतर त्यावर ओला कुंचला फिरविला तरी रेषा हलत नाही. रेखाटनावर जलरंग भरणाऱ्यांनी हीच घ्यावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. चित्रकलेच्या दुकानात 'वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक' म्हणून मिळणारी शाई झरणीत कदापि भरू नये. तिच्यात बहुधा लाख किंवा तत्सम चिकट द्रव्य असते. ते पेनच्या जिभेतील बारीक खाचांत वाळले की पेन कायमचे निकामी होते. ती शाई टाकासाठी आणि कुंचल्यासाठी आहे.

आता पेनकडे वळू. येथेही मला पीण्यानेच शिकविले. एका टूलरूममध्ये बेळगावकडचे एक वयस्क टर्नर काम करीत. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांना सारखीच येत. त्यांच्या हाताखालचे कामगार ओडिशा, बिहार, तमिळनाडू अशा ठिकाणचे, आणि सर्वांना समजणारी एक भाषा नव्हती. मामा (सगळे त्यांना मामाच म्हणत) बोलण्याच्या भानगडीत न पडता खडूने पत्र्यावर किंवा पेन्सिलीने पुठ्ठ्यावर भागाची आकृती काढीत, मापे घालीत आणि काम सुरू होई. माझी वही पाहून ते म्हणाले, "साहेब, चित्र झकास आहे, पण माप नाही. माप नसलं की ती नुसती शोभा." माझ्या पाहणीच्या नकाशांत तेव्हापासून अंतरे कधी राहिली नाहीत.

त्याच दिवशी माझे पेन कागद खरवडत असल्याची तक्रार मी त्यांच्यापाशी केली. त्यांनी खिशातून भिंग काढले, निब उजेडात धरली आणि म्हणाले, "दोन टोकं वर-खाली आहेत. पेन वाईट नाही, जुळणी वाईट आहे." नखाच्या हलक्या दाबाने त्यांनी ती सरळ केली. पुढे ते पेन मी अनेक वर्षे वापरले. निब म्हणजे मधोमध चिरलेला धातूचा पत्रा. त्याच्या टोकाशी कठीण मिश्रधातूचा इवलासा थेंब असतो आणि तोही चिरेने दोन भागांत वाटलेला असतो. हे दोन अर्धे एका पातळीत नसतील तर हजारोंचे पेनही खरवडते, आणि असतील तर स्वस्त पेनही सुरेख चालते. म्हणून पेन घेताना दहापट दाखविणारे भिंग जवळ असावे.

निबेची जाडी कागदावर अवलंबून असते. आपल्या कार्यालयांत सर्वत्र वापरला जाणारा छायाप्रतीचा कागद शाई शोषतो आणि अक्षर पसरते. त्यावर बारीक निबच हवी. जपानी कंपन्यांची 'फाइन' ही युरोपीय 'फाइन'पेक्षा बारीक असते, हे ध्यानात घ्यावे. देवनागरीच्या जोडाक्षरांना आणि मात्रा-वेलांट्यांना ही बारीक निब मानवते. जाड-बारीक अक्षराच्या मोहाने काही जण रोमन लिपीसाठी कापलेली सपाट निब घेतात. देवनागरीच्या बोरूचा काप उलट्या दिशेचा असल्याने तीत आपले अक्षर अवघडल्यासारखे दिसते. रेखाटनात रेषेची जाडी बदलती हवी असेल तर टोकाशी वर वळविलेली निब मिळते, पण रोजच्या लेखनास ती त्रासदायक ठरते. बारीक निब उलटी धरून बहुधा आणखी बारीक रेषा निघते. नवशिक्यास एवढे वैविध्य पुरेसे आहे.

शाई भरण्याच्या पद्धतीचाही विचार करावा. मुंबईच्या एअरमेल कंपनीची वॅलिटी, राजमहेंद्रीची रत्नम यांसारखी ड्रॉपरने थेट नळीत शाई भरण्याची भारतीय पेने भरपूर शाई बाळगतात. रत्नम पेनचा गांधीजींनी 1935 साली पत्र लिहून गौरव केला होता, हेही सांगण्याजोगे. दिवसभर लिहिणाऱ्यास ही पेने उत्तम. मात्र शाई कमी उरली की हाताच्या उष्णतेने नळीतील हवा प्रसरण पावते आणि कागदावर थेंब पडतो. म्हणून ती अर्ध्यावर येताच भरून घ्यावीत. रंगकणांच्या शाईसाठी मी सुटी होणारी, पाण्याने सहज धुता येणारी, कन्व्हर्टर असलेली पेने सुचवीन. पायलटचे मेट्रोपॉलिटन किंवा 1980पासून बाजारात असलेले लॅमीचे सफारी ही त्यातली परिचित नावे. सफारीची पकड त्रिकोणी आहे. लेखनात ती हाताला शिस्त लावते, रेखाटनात काहींना जाचते. टोपण घट्ट बसणारे असावे, कारण पेनातील शाई वाळू नये हे बरेचसे त्या टोपणावरच अवलंबून असते. पेन रोज चालवावे आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावे.

खरेदीपूर्वी एक परीक्षा मात्र अवश्य घ्यावी. दुकानातील गुळगुळीत कागदावर सही करून पाहणे म्हणजे परीक्षा नव्हे. आपली वही न्यावी, उभे राहून, वही हातावर धरून चार ओळी लिहाव्यात, समोरच्या दाराचे चित्र काढावे. पाच मिनिटांनी त्यावर पाण्याचे बोट फिरवावे. जे उरेल ते आपले.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, बॉलपेन काय वाईट? ते दाबून चालवावे लागते आणि उभ्याने, हातावरच्या वहीत, दाब देताना रेषा डगमगते. झरणीला दाब लागत नाही. पाण्याने न पुसणाऱ्या शाईची, वापरून टाकण्याची बारीक रेखापेने हा त्याहून प्रामाणिक पर्याय आहे. ज्यांना पेन धुण्याचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल ती घ्यावीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कागदी नस्ती संपली, ई-ऑफिस आले, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग हाताने नकाशा कशाला?

माझे मत असे की, नस्तीतून पेन गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. टिप्पणी संगणकावर लिहिली जावी, हेच योग्य. परंतु पाहणीच्या जागेवरून पेन जाऊ नये. छायाचित्र समोर दिसेल ते घेते. नकाशा काढणाऱ्यास मात्र ही नळी येते कुठून आणि जाते कुठे, असे विचारावेच लागते, कारण उत्तर मिळाल्याखेरीज रेषा पुढे सरकत नाही. महाराष्ट्रातील भूमापनाची जुनी 'टिपणे' आठवावीत. बांधावर उभे राहून, साखळीने मोजून, हाताने काढलेल्या त्या आकृत्यांवर आजही हद्दीचे वाद सुटतात. त्या काढणाऱ्यांनी जमीन पायांनी पाहिली होती. छायाचित्रही जोडावे आणि हाताने काढलेला, मापे, दिशा, दिनांक व सह्या असलेला नकाशाही जोडावा. पाहणीच्या नमुन्यात त्यासाठी अर्धे कोरे पान ठेवण्यास कोणत्याही खात्याला खर्च येत नाही.

त्या तरुण सहकाऱ्याला मी अखेरीस पेनचे नाव सांगितले नाही. मामांनी मला दिले होते तसले एक भिंग आणि टिकाऊ काळ्या शाईची बाटली दिली आणि म्हटले, पेन तू शोध. पुढच्या पाहणीहून तो परतला तेव्हा त्याची वही पाहिली. पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग होता. त्या डागाच्या आतून गटाराची रेषा, बाण आणि 'अकरा पावले' ही अक्षरे स्पष्ट दिसत होती.