डार्विन जयंती आणि दहावीतून वगळलेली उत्क्रांती
नवी दिल्ली, दि. १२ फेब्रुवारी : उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन यांची आज जयंती. १८०९ मध्ये इंग्लंडमधील श्रूझबरी येथे जन्मलेल्या डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजावरील सफरीतील निरीक्षणांवर सुमारे दोन दशके चिंतन केले. आल्फ्रेड रसेल वॉलेस स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आल्यावर १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. या सिद्धांताला जनुकशास्त्राची गणिती जोड देणाऱ्यांतील अग्रणी जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

हा वारसा लाभलेल्या देशात एनसीईआरटीने करोनाकाळात अभ्यासभार हलका करण्याच्या कारणास्तव दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे त्यास आक्षेप घेतला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे, हे सरकारचे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मधील दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हेच पहिले प्रकरण होते.

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू, बीटी कापसाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी, विषाणूंचे नवे उपप्रकार ही सारी उत्क्रांतीचीच उदाहरणे होत. ती समजून घेण्याची गरज रुग्णाला आणि शेतकऱ्यालाही आहे, केवळ भावी जीवशास्त्रज्ञाला नव्हे.