उचलायचं नसतं, सरकवायचं असतं

आत्या पडल्या ती गेल्या वर्षीची १८ जूनची सकाळ. शाळा सुरू होऊन तिसरा दिवस. न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेताना ॲम्ब्युलन्समध्ये कण्हत कण्हत मला म्हणाल्या, "मेल्या पायाला मे महिन्यात मोडायला काय झालं होतं? तुला सुट्टी तरी होती." (आमच्या घरात सासूला आत्याच म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आत बॉल बसवला. आत्या ७९ वर्षांच्या. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यात आमचं भागलं. त्याबद्दल तक्रार नाही. दहा वर्षांपूर्वी एखादं गुंठाभर रान गेलं असतं. सहाव्या दिवशी घरी सोडलं. कागदावर सात गोळ्या, टाके काढायची तारीख आणि 'मांडी घालू नये, उकिडवं बसू नये' एवढं होतं. पण त्यांना कॉटवर वर कसं घ्यायचं, कुशीवर कसं वळवायचं, ते कुणी लिहिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

मग मी मला येईल तसं केलं. बगलेत हात घालायचे, कमरेतून वाकायचं आणि ओढायचं. भांडं द्यायला, चादर बदलायला, पाठीला पावडर लावायला, दिवसातून आठ-दहा वेळा. अकराव्या दिवशी कमरेतून कळ निघाली ती डाव्या पोटरीपर्यंत गेली. एमआरआय झाला. "मणक्यात गॅप आहे, आता वजन उचलू नका," डॉक्टर म्हणाले. मला हसू आलं, आणि हसताना परत कळ आली.

रात्री हे ऐकून आत्या गप्प झाल्या. मग १९९१ सालचं सांगायला लागल्या. आजेसासूबाई गोठ्यात पडल्या होत्या. हाडवैद्यानं लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड काही जुळलं नाही, म्हातारी दोन वर्षं बाजेवर. आत्यांनी बाजेचं सुंभ मधोमध कापून तिथं भोक पाडलं आणि खाली राख घातलेलं घमेलं ठेवलं. बाकी सगळं, म्हणजे अंघोळ, कूस बदलणं, उन्हाला बाहेर आणणं, एकटीनं उचलून. आत्या वाकून चालतात ते वयानं, असं मी पंचवीस वर्षं समजत होते. त्या म्हणाल्या, "तवाच गेली कंबर." वयानं गेली की उचलण्यानं, हे मला ठरवता येणार नाही. पण तोवर मी कधी विचारलंही नव्हतं, याची मात्र लाज वाटली.

शेवटी पदरचे पैसे देऊन फिजिओथेरपिस्ट बोलावली. पंचविशीतली पोरगी. तिनं आधी आत्यांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. "काकू, उचलायचं नसतंच. सरकवायचं असतं." दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. आत्यांना चांगल्या अंगावर वळवून चादरीची चौपदरी घडी पाठीपासून मांड्यांपर्यंत सारायची, परत उताणं करून दुसरी कड बाहेर ओढायची. दोघं दोन बाजूंना. चादरीची कड मुठीत गुंडाळून अंगाजवळ धरायची, गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ. आकडे पेशंटनं मोठ्यानं म्हणायचे आणि चांगला पाय रोवून जोर द्यायचा. तीनला सरकवायचं. आत्या उशीपर्यंत वर गेल्या, कुणी कण्हलं नाही. शिकायला वीस मिनिटं लागली.

माझं म्हणणं या वीस मिनिटांपुरतं आहे. योजनेत घरी सोडल्यावरचे १५ दिवस धरलेत, आणि नीट चालायला तीन महिने लागतात. ते दिवस वाढवा हे तर आहेच. पण त्याआधी, घरच्या दोन माणसांना सरकवणं, वळवणं, उभं करणं शिकवल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही होऊ नये. ते दवाखान्याचं काम धरा आणि पॅकेजमध्ये त्याचे पैसे द्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन घरच्यांना शिकवायचं, हे केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात २०१० पासून लिहिलेलं आहे. आमच्या दारात कुणी आलं नाही.

रजेचंही तसंच. मूल अठराच्या आतलं असतं तर मला बालसंगोपनाच्या १८० दिवसांतून रजा मागता आली असती. ७९ वर्षांच्या बाईसाठी तसली रजा नाही, अर्धपगारी टाकली.

आणि त्या दोन माणसांत एक पुरुष हवाच. आमचे हे दवाखान्यात फाइल घेऊन सगळे मजले हिंडले, मेडिकलच्या रांगेत उभे राहिले, पण भांडं द्यायची वेळ आली की मोटार चालू करायला रानात. भेटायला येणारेही सफरचंदं आणतात, कुणाचा तरी पाय कसा बरा झाला ते सांगतात, चहा घेतात आणि उठतात.

दुसरी कड धरली ती आमच्या डिप्लोमातल्या पोरानं. पहिल्या दिवशी आत्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. पंधरवड्यानं, त्याची एसटी चुकली आणि यायला उशीर झाला, तर कॉटवरून मलाच हाक मारत होत्या, "अगं, माझा हमाल आला का न्हाई अजून?"