पहिल्या खेपेचे पूजक

उस्ताद अमीरखाँ यांची मारवा आणि दरबारी ही १९६० साली निघालेली दीर्घ ध्वनिमुद्रिका ज्या घरात आहे ते घर भाग्यवान, याविषयी रसिकांत दुमत नाही. दुमत आहे ते तिची कोणती प्रत घ्यावी याविषयी. आणि या बाबतीत हल्ली जे मत हुकुमासारखे सुनावले जाते, त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. ते मत असे की, तबकडी घ्यावी ती पहिल्या खेपेचीच. पुढच्या साऱ्या खेपा म्हणजे सोन्याच्या मूर्तीच्या पितळी नकला!

या मतास मुळीच आधार नाही, असे आम्ही म्हणत नाही. साचा वापरून झिजतो, हे खरे. मूळ मोनो मुद्रणाला ओढूनताणून स्टीरिओचे सोंग देण्याचा उद्योगही पुढे अनेक कंपन्यांनी केला. तसल्या प्रतींपासून दूर राहावे, असे आम्हीही सांगू. परंतु पहिली खेप म्हणून निर्दोष, हा कुठला न्याय? तिच्यावरून साठ वर्षांत किती बोथट सुया फिरल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

तबकडी मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ हे अंतर निम्म्याहूनही कमी होते. विलंबित झूमरा संपून द्रुत येते ते नेमके या आतल्या भागात. तान जेथे दाट, तेथेच खाचेला जागा थोडी. म्हणून झीज प्रथम उघडी पडते ती द्रुतात. दुसरी कसोटी मधल्या छिद्राची. ते किंचित बाजूला पडले असेल, तर दर फेऱ्याला, म्हणजे सुमारे १.८ सेकंदांनी, स्वर वरखाली हेलकावतो. खाँसाहेबांच्या संथ आलापीत हे लपत नाही. मारव्यात षड्जाला बगल देऊन कोमल रिषभावर आणि धैवतावर मुक्काम करायचा असतो. तो रिषभच डळमळू लागला, तर मारव्याचे उरले काय? आणि हा दोष कोणत्याही खेपेच्या प्रतीत असू शकतो.

पण आमचे पूजक तबकडी ऐकतातच कुठे? ते लेबलाचा रंग पाहतात, वेष्टनाचे कोपरे चाचपतात आणि किंमत सांगून मोकळे होतात. त्यांच्या धाकाने परप्रांती बदलीवर असलेला, वर्षाकाठी एखादी मैफल मिळण्याची मारामार असलेला नोकरदार मागच्या खेपेची स्वच्छ प्रत दुकानात ठेवून येतो आणि पगाराला न झेपणाऱ्या किमतीत खरखर विकत घेतो. याला संगीताची सेवा म्हणावयाचे काय?

आमच्या परप्रांतस्थ बांधवांना आमचे सांगणे इतकेच: दुकानदाराकडून प्रथम द्रुताचा शेवट वाजवून घ्या. तंबोरा स्थिर आहे की नाही, ते ऐका. टपालाने मागवावयाची असेल, तर प्रत परत करण्याची मुभा आधी लेखी घ्या. १९७४ साली कलकत्त्यास मोटार-अपघातात खाँसाहेब गेले. आता त्यांची मैफल उरली आहे ती मुद्रणांतच. तेथे निवाडा कानाने करावा. लेबलाला त्यात मत देण्याचा अधिकार नाही.