भिंत टाकीभोवतीची, धडा आपल्या घरचा

सभासद बंधू-भगिनींनो,

लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट हे माझे नेहमीचे विषय. आज जरा वेगळे लिहितो. मागच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "इथेनॉलच्या टाक्यांभोवती भिंत, फेसाची यंत्रणा, एवढा पैसा कशाला? तोच उसाच्या दरात द्या की!" टाळ्याही पडल्या. प्रश्न रास्त आहे, पैसा आपलाच आहे. म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे.

पेट्रोल काय, इथेनॉल काय, पेटते ती त्याची वाफ. इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंशांनाच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे थंडीतली दुपारही त्याहून गरम. पेट्रोलला तर तेवढीही ऊब लागत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड. दिसत नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबची ठिणगी गाठते. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुरा येथील तेल डेपोत पेट्रोल गळू लागले. तासाहून अधिक वेळ काहीच पेटले नाही. मग वाफेचा ढग पेटला आणि अकरा माणसे गेली.

नियम यातूनच आले. सर्वांत मोठी टाकी फुटली तरी सारा माल आत मावेल अशी भिंत. ठिणगी बाहेर न पडणारी दिव्यांची बटणे. टँकर भरताना आधी अर्थिंग. आणि फेसही वेगळा, कारण साधा फेस इथेनॉलवर टिकत नाही, विरून जातो. त्यात इथेनॉलची ज्योत भर उन्हात धड दिसतही नाही.

व्यवस्थापनालाही एक सांगणे आहे. भिंत बांधली म्हणजे काम संपले नाही. पावसाचे पाणी काढायचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर ती भिंत असून नसून सारखीच. तो रोज कोण पाहतो, आगीची रंगीत तालीम कधी झाली, हे याच अंकातून सभासदांना कळावे.

आता आपल्या घरचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने पडवीत फवारणी पंपात पेट्रोल ओतले. चूल आठ-दहा पावलांवर होती. ज्वाळा जमिनीवरून धावत आली, पोराचे दोन्ही पाय भाजले. कॅन प्लॅस्टिकचा, पाच लिटरचा. गावोगाव नियम सांगत फिरणारा मी, माझ्याच घरी ही तऱ्हा!

कायदा काय म्हणतो? विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते. भांडे धातूचे, घट्ट बुचाचे, २५ लिटरपर्यंत. धातूचे नसेल तर एका लिटरच्या वर नाही. डिझेलला सवलत मोठी आहे, २५०० लिटरपर्यंत, पण एक भांडे १००० लिटरहून मोठे नको. तरी डिझेलला गरीब समजू नका. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये तेही पेट घेण्याइतके तापते.

तेव्हा एवढे कराच. तेल राहत्या घरात नको, चूल, समई, पाचट यांच्यापासून लांब ठेवा. इंजिन थंड झाल्याशिवाय भरू नका. जवळ वाळूची बादली असू द्या. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारले तर आग पसरते.

दरात दोन रुपये कमी-जास्त झाले तर पुढच्या हंगामात भांडून घेऊ. भाजलेले पोर कोणत्या सभेत परत मागणार?

आपला,
ऊस विकास अधिकारी