रेझ्युमेवरचा पत्ता कोणाचा?

सेकंड इयरला मी रेझ्युमेवर टाकलेला ई-मेल आयडी इथे छापण्यासारखा नाही. दहावीच्या सुट्टीत काढलेला, त्यात 'डेव्हिल' पण होता आणि 'किंग' पण! रूममेट हसून हसून लोळला. बदलला, विषय संपला. नाव-आडनाव, फार तर एखादा आकडा, एवढं कोणालाही जमतं.

खरा घोळ पुढे आहे. प्लेसमेंटचे सर म्हणतात, कॉलेजचाच आयडी टाका, इम्प्रेशन पडतं. पडत असेल. पण आमच्या विंगमधल्या एका दादाचं जॉइनिंग लांबलं, जुलैत त्याचा कॉलेजचा आयडी बंद झाला आणि ऑगस्टमध्ये कंपनीची मेल आली... कोणाला? कोणालाच नाही! बॅचमेटने फोन केला तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. एचआरच्या हातापाया पडून नोकरी वाचली एकदाची.

हॉटमेलवाला सबीर भाटिया लहानपणी आपल्या पुण्याच्या बिशप्समध्ये शिकला. (आम्हा इंग्लिश मीडियमवाल्यांना तेवढाच अभिमान!) ऑफिसच्या फायरवॉलमुळे त्याला आणि जॅक स्मिथला स्वतःची मेल बघता येईना, म्हणून १९९६ मध्ये त्यांनी कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणारी मेल काढली. पत्ता ऑफिसचा नको, आपला हवा, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि आपण?

सर, फॉर्मवर स्वतःचा आयडी चालू द्या, नाहीतर पास झाल्यावर वर्षभर तरी कॉलेजचा बंद करू नका. आणि दोस्तांनो, जीमेल काढून विसरू नका. दोन वर्षं न उघडलेली खाती गूगल २०२३च्या डिसेंबरपासून काढून टाकतंय.