पक्ष वेगळा, प्रश्न वेगळा

अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या विधिमंडळाने २०१७ साली ‘काम करण्याचा हक्क’ या नावाचा कायदा संमत केला. नाव हक्काचे, परंतु रोजगाराची हमी त्यात नव्हती. संघटनेने केलेल्या कराराचा लाभ घेणाऱ्या कामगारावर तिला शुल्क देण्याची सक्ती असू नये, हा त्याचा आशय होता. समर्थकांना त्यात व्यक्तिस्वातंत्र्य दिसले, तर कामगारांना संघटना दुबळी होण्याचे भय.

राज्यातील संघटनांच्या महासंघाने, ए.एफ.एल.-सी.आय.ओ.ने, इतरांच्या साह्याने तीन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि कायदा अमलात येण्यापूर्वीच तो सार्वमतास लावला. ७ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ६७ टक्के मतदारांनी तो फेटाळला. विशेष हे की, कायदा आणणाऱ्या रिपब्लिकन पक्षालाच या राज्याने २०१६ मध्ये सत्ता दिली होती.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात कामगारांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला. मग संघटनांनी राजकारणात उतरावे काय? आम्हांस वाटते, अवश्य उतरावे. मात्र पक्षाची पालखी वाहण्यासाठी नव्हे, तर श्रमिकांचे गाऱ्हाणे मतदारांच्या दारी नेण्यासाठी.